एंटर दाबायचा मान

आमच्या गावात कोणाची नक्कल करायची आणि कोणाची नाही, याची एक यादी आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण लहानपणापासून धपाटे खात खात मी ती शिकलोय. एसटीचा कंडक्टर चालतो. वारलेला माणूस चालतो, पण वर्षश्राद्ध झाल्यावर. मुंबईकर चालतात, ते मुंबईत असतील तेव्हा. गाव मंडळाचे अध्यक्ष चालत नाहीत. अध्यक्षांची म्हैस एरवी चालते, पण अध्यक्ष समोर असतील तर ती पण करू नये, कारण दोघांचा खाकरायचा सूर एकच आहे आणि लोक नको तिथे हसतात.

माझी सगळ्यात गाजलेली नक्कल मात्र माणसाची नाही, देवळातल्या कॉम्प्युटरची आहे. पोलादपूरला शाळेत होतो तेव्हा ऑफ तासाला पोरं बाक वाजवून मागणी करायची, "ए, कॉम्प्युटरची आरती कर." मी ओठ दाबून नाकातून टूं टूं सुरू करायचो. गणिताच्या सरांनी एकदा दाराबाहेर उभं राहून पूर्ण ऐकली, मग आत येऊन शेवटच्या कडव्याला मला कोंबडा केला.

हा कॉम्प्युटर म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची करामत. मी त्याला धाकटा आजा म्हणतो. मुंबईत एका कचेरीत तो शिपाई होता. तिथल्या साहेबांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने जिन्याखाली टाकले. त्यातला एक यानं मागून घेतला आणि गोधडीत गुंडाळून, एसटीत खिडकीशेजारी बसवून गावाला आणला. त्याआधी कचेरीतल्या एका पोराच्या मागे लागून यानं त्यावर गावदेवीच्या आरतीची चाल बसवून घेतली होती. सूर यानं गुणगुणायचे, पोरानं टाइप करायचे. दोन सुरांमध्ये थांबायचं कसं हे कॉम्प्युटरला कळेना, म्हणून पोरानं त्याला मधेमधे फुकटचे आकडे मोजायला लावले. मोजून झाले की पुढचा सूर. डब्यातला बारका स्पीकर, त्यामुळे एखाद्या डासानं गाण्याची परीक्षा पास व्हावी तसा आवाज. आरती चालू असेपर्यंत पडद्यावर एक समई पेटलेली दिसायची, ज्योत हलती.

नवरात्रात रोज दिवेलागणीला हा डबा वाजायचा आणि गाव त्याच्यामागून टाळ्या वाजवत आरती म्हणायचं.

आता मान म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण पोरकट वाटेल. आमच्याकडे देवीपुढचा नारळ फोडायचा मान वरच्या वाडीचा. पालखीचा पुढचा दांडा खालच्या वाडीचा, मागचा मधल्या वाडीचा. मुंबईकरांना गावात आता वाडी उरली नाही, पण वर्गणी त्यांची मोठी, म्हणून चौथी वाडी समजून त्यांना ओटी भरायचा मान. आमच्या घराला काहीच नाही. आमचा कोणी खापरपणजोबा घरजावई म्हणून इथे आला, त्याची शिक्षा अजून चालू आहे. प्रसादसुद्धा आम्हाला उरला तर.

असं असताना धाकट्या आजानं काय केलं, तर यादीत नसलेला एक मान स्वतःच बाहेरून आणला. आरतीचं ताट पेटलं की गुरव त्याच्याकडे बघायचा. आजा खुर्चीत सरळ व्हायचा, उजव्या हाताचं बोट डोक्याच्या वर न्यायचा आणि एंटर दाबायचा. तोपर्यंत सगळं गाव, मानकऱ्यांसकट, गप्प उभं. वर्षातून नऊ वेळा.

यंदा पावसाळा संपता संपता डबा उघडला तर आत उंदरानं बाळंतपण केलेलं. पॉवर सप्लायमध्ये भाताची काडं, बोर्डावर जे काही असायचं ते. आजानं सगळं पिशवीत भरून महाडला माझ्या दुकानात आणलं. माझं दुकान मोबाईल, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं, बाजारपेठेत, म्हणजे नदी चढली की पहिलं पाणी माझ्याकडे. त्यामुळे सगळा माल खांद्याच्या वर टांगलेला असतो आणि गिऱ्हाईक मान वर करून बोलतं. आजा पण तसाच उभा राहून म्हणाला, "ह्यात जीव हाय का बघ."

डब्यात नव्हता, पण आतली डिस्क वाचली होती. तिच्यावरची आरती मी काढून घेतली. नवीन कॉम्प्युटरवर ती तशी लावून चालत नाही, त्यासाठी इम्युलेटर लागतो. इम्युलेटर म्हणजे आमच्याच जातीचा, नकलाकार. नवा कॉम्प्युटर जुन्याचं सोंग घेतो, जुन्यासारखा बोलतो, जुन्यासारखा अडतो. फरक इतकाच की मी म्हाताऱ्याची नक्कल करताना खोकला जरा वाढवतो, आणि हा प्रामाणिक असतो, जितका खोकला तितकाच काढतो. पण सुरू होण्याआधी तो विचारतो की सोंग कोणाचं घेऊ. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, कोणता हवा? टू-एटी-सिक्स, थ्री-एटी-सिक्स, फोर-एटी-सिक्स, पेंटियम. एकापेक्षा एक वेगवान, म्हणजे मधले फुकटचे आकडे तितक्या लवकर मोजून टाकणारा.

आजाच्या डब्यावर थ्री-एटी-सिक्सचा बिल्ला होता. मी गपचूप तोच निवडला असता तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण मुंबई मंडळानं त्याच सुमारास कळवलं होतं की जुनं भंगार बंद, यंदा आम्ही मोठा स्पीकर आणतो आणि रेकॉर्डिंग लावतो. अध्यक्ष म्हणाले, सभा घेऊ, तुझा कॉम्प्युटर नीट वाजला तर तो, नाहीतर स्पीकर. सभा म्हटल्यावर मी जरा रंगात आलो आणि देवळात सगळ्यांसमोर ती यादीच उघडून दाखवली.

सभेला तिन्ही वाड्या हजर. मुंबई मंडळाचे सचिव व्हिडिओ कॉलवर, मोबाईल नारळाला टेकवून ठेवलेला. इम्युलेटर म्हणजे काय ते मी लोकांना समजवायला लागलो तर गुरवानं मला थांबवलं. म्हणाला, "कळला. ह्या नव्याच्या अंगात जुना येतो. कोणता येतोय ता आधी विचारायचा." एवढं सोपं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी एकेक वाजवून दाखवला. टू-एटी-सिक्सवर आरती इतकी संथ की घंटा वाजवणाऱ्याचा हात वर गेला तो खाली कधी आणायचा हे त्याला कळेना, दोन म्हाताऱ्या टेकून बसल्या आणि पडद्यावरची ज्योत विचारात पडल्यासारखी दिसली. थ्री-एटी-सिक्सवर सगळ्यांचे हात आपोआप टाळीला उठले. फोर-एटी-सिक्सवर आरती आंबेनळी घाट उतरणाऱ्या रिकाम्या एसटीसारखी सुटली, शेवटच्या वळणाला लोक मागे राहिले. पेंटियमला मी एंटर दाबला, चिर्र झालं, समई शॉर्ट सर्किटसारखी लखलखली आणि विझली. गुरवाच्या हातात कापूर होता, काडी अजून पेटायची होती.

नारळापासून आवाज आला, "हॅलो, आवाज गेला का? आरती लावा ना."

अध्यक्ष म्हणाले, "झाली."

"कधी?"

"आत्ताच."

सचिव म्हणाले की हे तर बेस्टच आहे, रविवारी आम्हाला परतीची गाडी पकडायची असते, मुंबईकरांसाठी पेंटियमच ठेवा.

इथून सभा माझ्या हातातून गेली. मुंबईकर स्वतःसाठी एक मागून घेतात म्हटल्यावर वरच्या वाडीचे मानकरी उठले. त्यांनी विचारलं, ह्यात सगळ्यात जुना कोण? मी म्हटलं, टू-एटी-सिक्स. मग तो आमचा, कारण गावाचे मूळ पुरुष आम्ही. मी सांगितलं की बाबा, त्यावर आरती संपेपर्यंत जेवणं थंड होतील. ते म्हणाले की देवीपुढे घाई कशाला. मधल्या वाडीनं हिशोब केला की चार तीनाच्या वर असतो, म्हणून फोर-एटी-सिक्स उचलला. खालच्या वाडीतली निम्मी पोरं एमआयडीसीत कामाला, बिरवाडीत खोल्या करून राहतात, ती सभेला आलीच नव्हती. त्यांच्या वाट्याला उरलेला थ्री-एटी-सिक्स आला, म्हणजे खरा तो. त्यांच्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली की आम्हाला नेहमी मधलंच काहीतरी मिळतं.

आरती कोणत्या वेगानं म्हणता येते हा प्रश्न एकानंही विचारला नाही. तो वेगाचा प्रश्नच नव्हता. मी लग्नपत्रिकेत नावं छापताना बघितलंय, तसंच चाललं होतं.

अध्यक्षांनी ठराव सांगितला. नवरात्रातल्या रात्री वाड्यांत पाळीपाळीनं, आणि ज्या वाडीची रात्र, त्या वाडीचा प्रोसेसर. यादीत हे चारच, बाकी कोणी आपला आणायचा नाही. स्पीकर यंदा नको. इथपर्यंत मी खूश होतो. मग त्यांनी घसा खाकरला, म्हशीच्या सुरात, आणि म्हणाले, "आणि प्रोसेसर वाडीचा म्हटल्यावर एंटर पण त्या वाडीच्या मानकऱ्यानं दाबायचा. ता ओघानं आलाच."

सगळे बरोबर बरोबर म्हणाले. धाकटा आजा कॉम्प्युटरशेजारी बसला होता. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि कीबोर्ड पुसायला लागला, पुसलेला होता तरी.

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर घालून सव गावच्या कुंडावर नेलं. तिथल्या गरम पाण्यात त्याचे गुडघे जरा हलके होतात. वाटेत मी सगळी सभा करून दाखवली. वरच्या वाडीचा मूळ पुरुष केला, नारळातले सचिव केले, आणि यादी मोडून अध्यक्षसुद्धा केले. गाडीच्या मागच्या सीटवरून हसण्याचा धक्का लागतो, तो मला ओळखू येतो. एकदाही लागला नाही.

कुंडाच्या कडेला पाय सोडून बसल्यावर मी म्हटलं, आजा, कॉम्प्युटर राहिला ना देवळात, स्पीकर तर नाही आला.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "कॉम्प्युटर ऱ्हायला रे. पन माजा एक बोट होता, ता पन चार वाड्यात वाटला."

मी त्याच्या गुडघ्यावर ओंजळभर गरम पाणी ओतलं.

मग मी विषय बदलला. त्याला विचारलं की थ्री-एटी-सिक्सवर जी वाजली ती बरोबर मूळच्या वेगानं होती का, कारण जुनं रेकॉर्डिंग कुठेच नाही. मोबाईलवर आहेत ते व्हिडिओ, त्यात नुसती घंटा आणि पोरांचा गोंगाट. आजा म्हणाला, तू तोंडानं कर. मग सवच्या कुंडावर, अंगाला साबण लावणाऱ्या चारचौघांसमोर, मी नाकातून पूर्ण आरती वाजवली. आजा डोळे मिटून पाण्यावर बोट आपटत होता. संपल्यावर म्हणाला, "चाल बरोबर हाय. शेवट लांबवतोस. लोकांनी हसावा म्हनून."

खरं होतं. शाळेत शेवटचा सूर ताणला की पोरं लोळायची, म्हणून मी तो ताणतच गेलो आणि मला वाटायला लागलं की मूळचा तसाच आहे. नकलाकाराला एक हसू मिळालं की तो मूळ माणसाला विसरतो. त्या बाबतीत इम्युलेटर बरा.

दुकानात येऊन मी मेनू तयार केला. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर मोठ्या अक्षरात चार नावं. एक, टू-एटी-सिक्स, वरची वाडी. दोन, थ्री-एटी-सिक्स, खालची वाडी. असं करत चार, पेंटियम, मुंबई मंडळ. चौघांच्या नावाभोवती झेंडूच्या रंगाची चौकट, कोणाची लहान नाही की मोठी नाही, पट्टीनं मोजून घेतली. आणि चारही नावांच्या मागे एकच थ्री-एटी-सिक्स. ज्या नावाला हात लावाल, अंगात येणार तोच.

राहिला एंटरचा प्रश्न. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी देवळात मानकऱ्यांना बोलावून मेनू दाखवला. सांगितलं की वाडीचा आकडा निवडणं, तो खरा मान. आकडा दाबला की वाडीचं नाव झळकतं. त्यानंतर मशीन चालू करायला एंटर दाबावा लागतो, पण ते नुसतं हमालीचं काम. कापूर पेटेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं, बोट तयार ठेवायचं, गुरवाचा डोळा चुकवायचा नाही. मानकऱ्यानं करावं असं ते नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर माझी हरकत नाही.

मानकरी एकमेकांकडे बघायला लागले. हमाली हा शब्द कामाला आला. वरच्या वाडीचे म्हणाले की मानाचा माणूस आकडा दाबून ताटाजवळ उभा राहणार, खुर्चीत कसा बसेल? अध्यक्षांनी देवळात नजर फिरवली, हमाल शोधल्यासारखी, आणि ती धाकट्या आजावर थांबली. विचारलं, तुम्ही कराल काय?

आजा म्हणाला, "करीन. आता दुसरा कोन नाय, तर करीन."

घरी ही बातमी गेली तेव्हा धाकटी आजी भाकऱ्या थापत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "अवो, हमाल झालाव, पेढं तरी आना."

नवरात्र सुरू झालं. पहिल्या रात्री वरच्या वाडीच्या मानकऱ्यांनी एक दाबला, नाव झळकलं, गुरवानं बघितलं, आजाचं बोट डोक्यावर गेलं, एंटर. आरती नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या डासाच्या आवाजात झाली. मानकरी बाहेर येऊन सांगत होते की टू-एटी-सिक्सला जी शांती आहे ती बाकीच्यांना नाही. दुसऱ्या रात्री खालच्या वाडीची तक्रार की आमचा कालच्यापेक्षा जरा मंद वाटला, बदलून मिळेल का. मधल्या वाडीनं सांगितलं, फोर-एटी-सिक्सची झेप ऐकणाऱ्याला कळते. मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होतो, त्यासाठी फार नक्कल करावी लागत नाही. गुरव एकदा माझ्या जवळून जाताना पुटपुटला, "चारी भावंडा एकाच आयशीची दिसतात." मी म्हटलं, देवीचीच लेकरं. तो मान हलवून पुढे गेला. त्याला दक्षिणा चारी वाड्यांकडून मिळते.

शनिवारची रात्र मुंबईकरांची. सचिव स्वतः आले होते, कडक इस्त्रीचा झब्बा, आणि खांद्याला पिशवी. पिशवीत स्पीकर होता, ते त्यांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं, असू दे म्हणून आणलाय. बाहेर परतीचा पाऊस उभा राहिला होता, डोंगरामागे गडगडत होतं. सचिवांनी चार दाबला. पेंटियम, मुंबई मंडळ, असं झळकलं आणि त्यांच्या माणसांनी फोटो काढले. गुरवानं कापूर पेटवला, आजाकडे बघितलं, आजाचं बोट वर गेलं, आणि दिवे गेले.

माझा कॉम्प्युटर दुकानात पडून असलेला जुना डेस्कटॉप, त्याला बॅटरी कुठली. पडदा काळा झाला. देवळात फक्त कापराचा उजेड, आणि कापूर काही लाईट येईपर्यंत थांबत नाही. गुरव ताट धरून उभा. सचिवांनी पिशवीची चेन उघडली. "काळजी नको," ते म्हणाले, "माझा चार्ज आहे. मोबाईलला जोडला की झालं. म्हणजे पुढच्या वर्षीपासून हा प्रश्नच नको."

मी आजाकडे बघितलं. त्याचं बोट अजून वरच होतं. त्यानं ते खाली घेतलं नाही, सचिवांकडे बघितलं नाही. गुरवाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मेलेल्या कीबोर्डावर रोजच्यासारखा एंटर दाबला. खट.

मी नाकातून सुरू केलं. टूं.

कोणीतरी अंधारात फिसकन हसलं, मला वाटतं अध्यक्षांचाच नातू. पण वरच्या वाडीच्या म्हाताऱ्यांनी टाळी धरली, सवयीनं, त्या सुरामागून टाळी वाजवायची हे हातांना माहीत होतं. मग सगळ्यांनी धरली. आरती चालू झाली. मी दोन सुरांच्या मधे मनात फुकटचे आकडे मोजत होतो, डबा मोजायचा तसे. सचिवांचा स्पीकर मधेच एकदा "कनेक्टेड" म्हणाला, पण तोपर्यंत गाव दुसऱ्या कडव्यावर गेलं होतं. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागले.

ताट फिरलं. दिवे आले ते प्रसाद वाटताना. सचिवांनी हातावर खडीसाखर घेत अध्यक्षांना सांगितलं की लाईट नसताना पण चालतो म्हणजे कमाल आहे, शेवटी पेंटियम तो पेंटियम. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हशीच्या सुरात घसा खाकरला.

मी खुर्चीजवळ जाऊन विचारलं, "आजा, कशी झाली?"

तो पंच्यानं कीबोर्ड पुसत होता.

"शेवट लांबवलास," तो म्हणाला. "उद्या आवर."